सूडाची पोस्ट समोर आली तर: फोन कुणाला करायचा, आणि फोननंतर काय

२३ फेब्रुवारी २०१८, शुक्रवार. लॉस एंजलिसमधल्या हार्वर्ड-वेस्टलेक शाळेने त्या दिवशी वर्ग भरवलेच नाहीत. कारण होतं इन्स्टाग्रामवरची एक पोस्ट: एक शॉटगन, विखुरलेली काडतुसं आणि त्यावर मजकूर. छळ सोसलेल्या भित्र्या माणसापुढे दोनच वाटा उरतात, आत्महत्या नाहीतर सूड, असा त्याचा आशय. सोबत शाळेचं नाव, मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव आणि दोन जुन्या सहकाऱ्यांची नावं जोडलेली. खातं होतं जॉनथन मार्टिनचं. तो याच शाळेचा माजी विद्यार्थी. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून खेळला आणि २०१२ मध्ये डॉल्फिन्सने त्याला दुसऱ्या फेरीत निवडलं. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जणांचा बळी गेला, त्याला तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

पोलिसांनी मार्टिनला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. कुणालाही इजा झाली नाही. पुढे धमकी दिल्याचे चार आणि भरलेलं शस्त्र बाळगल्याचा एक, असे आरोप त्याच्यावर ठेवले गेले.

असा फोटो पाहिला की नजर आधी बंदुकीवर जाते, मग ‘सूड’ या शब्दावर. पण त्या वाक्यात सूडाच्या आधी आत्महत्या लिहिलेली होती. ‘हा माणूस धोकादायक आहे की दुःखात आहे?’ असं विचारून त्यातलं एक उत्तर निवडायला आपण बसतो आणि तिथेच फसतो. दोन्ही खरं आहे असं धरून चालायचं. लोकांचा बचाव आणि त्या माणसाचा बचाव ही एकच धावपळ आहे. पुढची प्रत्येक पायरी मी याच हिशेबाने लिहिली आहे.

घटना अमेरिकेतली आहे, म्हणून नंबर आणि कायदे तिथलेच दिले आहेत, बहुतेक कॅलिफोर्नियाचे. इतर राज्यांत नावं आणि मुदती वेगळ्या असतात, पण कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

पहिली दहा मिनिटं

पोस्टखाली काहीही लिहू नका. ‘भावा, शांत हो’सुद्धा नको. अशा पोस्टखाली गर्दी जमली की लिहिणाऱ्याला मागे फिरणं अवघड होतं, आणि त्या गर्दीत ‘हिंमत असेल तर करून दाखव’ म्हणणारा एक तरी निघतोच.

स्क्रीनशॉट घ्या. नुसत्या फोटोचा नको. खात्याचं नाव, वेळ, हॅशटॅग, कुणाकुणाला जोडलंय ते, खालच्या प्रतिक्रिया, सगळं त्यात यायला हवं. पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवा. स्टोरी असेल तर ती २४ तासांत नाहीशी होते, त्यामुळे हे आधी. मग त्याच खात्यावरच्या जुन्या पोस्ट पटकन वर-खाली करून बघा. मार्टिनने २०१५ मध्ये फेसबुकवर लांबलचक लिहिलं होतं: लहानपणापासूनचा छळ, नैराश्य, आत्महत्येचे प्रयत्न. म्हणजे २०१८ची पोस्ट आभाळातून पडली नव्हती. फोनवर हा आधीचा संदर्भ सांगता आला तर समोरच्याचा कान वेगळा टवकारतो.

स्क्रीनशॉट मित्रांच्या गटात टाकून ‘हे सिरियस आहे का रे?’ असं विचारण्याचा मोह टाळा. चाळीस जणांना विचारलंत तर चाळीसही जण ‘कुणीतरी कळवलं असेलच’ म्हणून गप्प बसतील. आणि पोस्ट त्या माणसाच्या ओळखीतल्या प्रत्येकापर्यंत पोचेल ती वेगळीच.

अॅपकडे तक्रार जरूर करा, पण स्क्रीनशॉट घेऊन झाल्यावर आणि पोलिसांना फोन केल्यावर. आधी तक्रार केली आणि पोस्ट काढली गेली, तर तुमच्या हातात दाखवायला काही उरत नाही.

पोस्ट वाचायची कशी

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसमध्ये धोक्याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक फरक फार पूर्वीच मांडला: धमकी देणं वेगळं आणि धोका असणं वेगळं. धमकी देणारे सगळेच काही करत नाहीत, आणि करणारे सगळेच आधी धमकी देत नाहीत. याच संस्थेने शिक्षण खात्याबरोबर शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये अहवाल काढला. ज्याच्यावर हल्ला करायचा त्याला थेट धमकी दिली गेली होती अशा घटना फक्त १७ टक्के निघाल्या. पण ८१ टक्के घटनांत हल्लेखोराच्या मनात काय शिजतंय, हे दुसऱ्या कुणाला तरी आधीच माहीत होतं: मित्राला, भावाला, वर्गातल्या मुलाला. इंग्रजीत याला ‘लीकेज’ म्हणतात. छपरासारखी ही गळती आधी ज्याच्या डोक्यावर पडते, तो माणूस म्हणजे तुम्ही.

त्याच अभ्यासात जवळजवळ तीन चतुर्थांश हल्लेखोरांना छळ झाल्याची किंवा कुणीतरी मागे लागल्याची भावना होती. याचा अर्थ छळ झालेला माणूस धोकादायक असतो, असा अजिबात नाही. छळ झालेल्यांतले बहुतेक जण कुणाला बोटही लावत नाहीत, आणि मानसिक आजाराने ग्रासलेली माणसं हिंसा करण्यापेक्षा ती सोसतातच जास्त. ‘वेडा आहे, गोळ्या घालेल’ असं पोलिसांना सांगू नका. काय दिसलं तेवढंच सांगा.

काय दिसलं ते टिपताना या गोष्टी शोधा: कुणाचं किंवा कोणत्या जागेचं नाव आहे का. वेळ किंवा तारीख सांगितली आहे का. हत्यार दिसतंय का, आणि ते त्याच्याकडे खरंच आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का. निरोपाची भाषा आहे का: वस्तू वाटून टाकणं, माफी मागणं, ‘सगळ्यांचे आभार’. अलीकडे काही हातातून निसटलंय का: नोकरी, नातं, संघातली जागा. आणि शेवटचं, ‘आता दुसरा मार्गच नाही’ असा सूर आहे का. या शेवटच्याला मी सगळ्यांत जास्त वजन देईन. ‘दोनच वाटा’ म्हणणाऱ्याला तिसरी दिसेनाशी झालेली असते.

रागाच्या भरात बोललेलं आणि खरा बेत यांतला फरक ओळखायची एक पद्धत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांसाठी बसवली. राग ओसरल्यावर जी मागे घेतली जाते ती तात्पुरती धमकी. जिच्यात नाव, साधन, तयारी असते आणि जी टिकून राहते ती गंभीर. पण ती छाननी प्रशिक्षित लोकांच्या गटाने, समोर बसून करायची असते. तुम्ही मोबाइलवर बघून निकाल द्यायचा नाही. तुमचं काम कळवण्याचं.

फोन

नाव, जागा किंवा हत्यार यांपैकी काहीही ठोस दिसलं तर ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा नंबर. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर इथला ९११ तिथे थेट लागत नाही. तो माणूस जिथे राहतो तिथल्या पोलीस खात्याचा नंबर शोधून त्यावर करा, किंवा इथल्या ९११ला सांगून तिकडे जोडून मागा.

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घ्या, कारण आवाज थरथरतो आणि महत्त्वाचंच राहून जातं. साधारण असं: ‘मी अमक्याला ओळखतो, आठ वर्षं एकत्र खेळलो. त्याने पंधरा मिनिटांपूर्वी बंदुकीचा फोटो टाकलाय. त्यात अमक्या शाळेचं नाव आहे आणि आत्महत्येचा उल्लेख आहे. त्याच्याकडे शॉटगन असल्याचं मला माहीत आहे. तो अमुक भागात राहतो. त्याने यापूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केलाय. मानसिक संकटांसाठी प्रशिक्षण घेतलेले अधिकारी पाठवता येतील का?’

हे शेवटचं वाक्य विसरू नका. अशा प्रसंगासाठी खास शिकवलेल्या पोलिसांची पद्धत मेम्फिसमध्ये १९८८ला सुरू झाली आणि आता देशभरातल्या अनेक खात्यांत आहे. लॉस एंजलिस पोलिसांकडे तर अधिकारी आणि मानसोपचार कर्मचारी जोडीने जाणारं पथक १९९३पासून आहे. पथक मोकळं असेलच असं नाही, पण मागितलं तर कुणीतरी शोधतं. न मागता मिळेल या आशेवर राहू नका.

हत्यार नाही, कुणाचं नाव नाही, पण जीव नकोसा झाल्याचं बोलणं आहे, अशा वेळी ९८८, म्हणजे आत्महत्या आणि मानसिक संकटांसाठीची हेल्पलाइन. जुलै २०२२पासून हा तीन आकडी नंबर चालू आहे. फोनही करता येतो आणि मेसेजही. ज्याला त्रास होतोय त्यानेच फोन करावा अशी अट नाही. ‘माझ्या मित्राबद्दल बोलायचंय, मी काय करू?’ असंही विचारता येतं. इंग्रजी अडत असेल तर फोनवर दुभाषी मागा.

दोन्ही लक्षणं दिसत असतील तर दोन्ही फोन. आधी ९११.

एका फोनवर समाधान मानू नका, हे मी जरा ठासून सांगतो. पार्कलंडच्या हल्लेखोराबद्दल ५ जानेवारी २०१८ रोजी एका ओळखीच्या व्यक्तीने एफबीआयच्या माहिती केंद्राला फोन केला होता. बंदुका, खुनाची इच्छा, शाळेची भीती, सगळं सांगितलं. ती माहिती मायामीच्या कार्यालयापर्यंत पोचलीच नाही. हे पुढे एफबीआयनेच कबूल केलं. म्हणून स्थानिक पोलिसांना फोन करा, नोंदीचा क्रमांक घ्या, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पोस्टमध्ये ज्या शाळेचं किंवा संस्थेचं नाव आहे तिथेही थेट कळवा. दोन-तीन तासांनी पुन्हा फोन करून ‘कुणी गेलं का?’ असं विचारा. चिकट वाटलात तरी चालेल.

आणि मैत्रीत दगा दिल्यासारखं वाटेल. वाटू दे.

त्याच्याशी बोलणं

हे सगळ्यांचं काम नाही. तुमचं खरंच नातं असेल, तो तुमचा फोन उचलत असेल, तरच. आणि हत्यार जवळ असताना प्रत्यक्ष भेटायला जायचं नाही. ‘मी समोर गेलो की तो ऐकेल’ ही समजूत फार जुनी आहे आणि जिवावर बेतणारी आहे. फोन, तोही पोलिसांना कळवल्यानंतर.

सरळ विचारा. ‘तू असं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलंय. त्यावर माणूस ‘नाही रे’ म्हणतो आणि फोन ठेवतो. त्याऐवजी: ‘तू स्वतःला संपवायचा विचार करतोयस का?’ मग थांबा. शांतता पसरली तर पसरू दे. नंतर: ‘आणि दुसऱ्या कुणाला मारायचा?’ आत्महत्येबद्दल विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट कुणीतरी उघड विचारलं, याने बऱ्याच जणांना हलकं वाटतं.

छळ झाला की नाही, यावर वाद घालू नका. ‘अरे, ती गंमत होती’ हे वाक्य त्याने आयुष्यभर ऐकलेलं असतं. छळणाऱ्यांच्या वतीने माफी मागायला किंवा त्यांना शिव्या घालायलाही जाऊ नका. ‘तू जे सोसलंस ते मला ऐकायचंय. आज रात्री मात्र तू जिवंत राहायला हवास आणि तेही, हे आधी’ एवढं पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. मोडावं लागणारच आहे. ‘मी मदत मागवली आहे, कारण मला तू हवा आहेस’ असं खरं सांगितलं तर तो चिडेल, पण नंतर तुमच्यावर विश्वास ठेवायला जागा उरते. मात्र पोलीस दारात किती वाजता पोचणार हे सांगू नका. हत्यार हाताशी असताना ते त्याच्याही जिवावर येऊ शकतं आणि त्यांच्याही.

माजी खेळाडूशी बोलताना एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. दहाव्या वर्षापासून त्याचा दिवस दुसऱ्यांनी आखलेला असतो: उठणं, खाणं, व्यायाम, प्रवास. मार्टिन पाठीच्या दुखापतीने २०१५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा पंचविशीतच होता. ओळख जाते, रोजचा साचा जातो, पगार जातो, आणि दुखणं तेवढं मागे राहतं. वर ‘कणखर हो’ ही शिकवण हाडात मुरलेली. त्याला ‘तू किती मोठा खेळाडू होतास’ असं सांगणं म्हणजे जखमेवर बोट. त्यापेक्षा ‘आज जेवलास का? झोप कशी आहे?’ एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या आजी-माजी खेळाडूंसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी २०१२पासून चोवीस तासांची स्वतंत्र गोपनीय हेल्पलाइन आहे. तिचं नाव एनएफएल लाइफ लाइन. लीगकडे आपलं नाव जाईल या भीतीने खेळाडू फोन करत नाहीत, म्हणून ती बाहेरच्या संस्थेकडून चालवली जाते, हे त्याला आवर्जून सांगा. २०१८च्या त्याच फेब्रुवारीत बास्केटबॉलपटू डीमार डिरोझनने आपल्या नैराश्याबद्दल उघड लिहिलं आणि मार्चमध्ये केव्हिन लव्हने पॅनिक अटॅकबद्दल. आपल्यासारख्याच कुणीतरी आधी तोंड उघडलेलं असलं की बोलणं सोपं जातं.

हत्यार

बंदूक तुम्ही उचलून आणायची नाही, गाडीत टाकायची नाही, लपवायची नाही. पोलिसांना सांगायचं.

त्या क्षणाचं संकट टळलं तरी बंदूक घरात परत येऊ नये म्हणून कॅलिफोर्नियात न्यायालयाचा खास आदेश मिळतो. २०१४च्या कॅलिफोर्नियातल्याच आयला व्हिस्टा इथल्या हत्याकांडानंतर हा कायदा झाला आणि जानेवारी २०१६पासून लागू आहे. तिथे तर हल्लेखोराच्या आईवडिलांनी आधीच मुलाबद्दल काळजी कळवली होती. पोलीस जाऊन बोलून आले, पण बंदुका काढून घेण्याचं साधन त्यांच्या हातात नव्हतं. आता पोलीस किंवा जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात. २०२०पासून मालक, सहकारी आणि शिक्षक यांनाही ठरावीक अटींवर तो करता येतो. तातडीचा आदेश २१ दिवसांचा, सुनावणीनंतर तो एक ते पाच वर्षांपर्यंत जातो. हा गुन्हा ठरत नाही, हे घरच्यांना समजावून सांगा, कारण ‘पोराचं रेकॉर्ड खराब होईल’ म्हणून ते बिचकतात. असे कायदे आता २० हून अधिक राज्यांत आहेत.

रुग्णालय आणि ७२ तास

कॅलिफोर्नियात पोलिसांना किंवा नेमलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला एखादी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं, तर तिला ७२ तासांपर्यंत तपासणीसाठी ठेवता येतं. बोलीभाषेत याला कायद्याच्या कलम क्रमांकावरून ‘फिफ्टी-वन-फिफ्टी’ म्हणतात. ७२ तास ही जास्तीत जास्त मुदत आहे. डॉक्टरांना धोका नाही असं वाटलं तर सहा तासांतही सोडतात. गरज वाटली तर पुढचे १४ दिवस ठेवता येतं, पण त्यावर सुनावणी असते.

इथे घरच्यांचं सर्वांत मोठं अडणं म्हणजे ‘डॉक्टर आम्हाला काही सांगत नाहीत’. गोपनीयतेच्या कायद्यामुळे ते बरंच काही सांगू शकत नाहीत, खरं. पण तुमचं ऐकण्यावर काहीही बंदी नाही. एक पानभर लिहून द्या: आधीचे प्रयत्न, औषधं, डोक्याला लागलेले मार, दारू, बंदुका, पोस्टचे स्क्रीनशॉट. २००२पासून कॅलिफोर्नियात कुटुंबाने दिलेली ही माहिती विचारात घेणं बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की हरवतं. कागद फाइलमध्ये राहतो.

खटला उभा राहिलाच तर वकिलाला पहिल्याच भेटीत ‘मेंटल हेल्थ डायव्हर्जन’बद्दल विचारा. २०१८पासून कॅलिफोर्नियात ही सोय आहे: न्यायाधीशांना पटलं तर खटला थांबवून उपचार, आणि उपचार नीट पार पडले तर आरोप रद्द. आणि घरातल्या कुणीही त्याच्या बाजूने ऑनलाइन लढायला उतरू नका. वकिलाची निम्मी मेहनत ते निस्तरण्यात जाते.

छळाचं काय?

धमकी गुन्हा ठरली म्हणजे आधी झालेला छळ खोटा ठरत नाही. दोन्हींच्या फायली वेगळ्या ठेवाव्या लागतात. मार्टिनने ऑक्टोबर २०१३ अखेरीस डॉल्फिन्स सोडलं, त्यानंतर लीगने वकील टेड वेल्स यांच्याकडून चौकशी करवली. फेब्रुवारी २०१४च्या अहवालात रिची इन्कॉग्निटो, माइक पाउन्सी आणि जॉन जेरी या तिघा संघसहकाऱ्यांनी मार्टिनचा, आणखी एका तरुण खेळाडूचा आणि खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या एका सहायक ट्रेनरचा सातत्याने छळ केल्याचं म्हटलं. खेळाडू आपसांत दंडाची वही ठेवत. त्या वहीत इन्कॉग्निटोने ‘जेमार्टला’ (म्हणजे मार्टिनला) ‘मोडल्याबद्दल’ स्वतःलाच २०० डॉलरचा दंड लावल्याची नोंद होती. थट्टेत लिहिलेली ती ओळ पुरावा झाली. मार्टिन आणि इन्कॉग्निटो यांच्यात मित्रांसारखे मेसेजही चालत, हेही त्याच अहवालात आहे. म्हणून ‘ते तर दोस्त होते’ या वाक्याने छळाचा प्रश्न निकालात निघत नाही.

तुमच्या माणसाचा छळ झाला असेल तर तारखा, मेसेज, साक्षीदार असं लेखी जमवा आणि शाळेकडे, संघाकडे किंवा वकिलाकडे द्या. तो स्वतः थोडा सावरल्यावर, त्याच्या संमतीने. रुग्णालयातल्या दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडून सगळा इतिहास वदवून घ्यायला बसू नका.

घरी आल्यानंतर

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला असतो तेव्हाचे आठवडे सर्वांत नाजूक. मानसोपचार रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरच्या काळात आत्महत्येचा धोका फार वाढलेला असतो. त्यामुळे घरी यायच्या आधीच पहिल्या आठवड्यातली डॉक्टरांची भेट ठरलेली असावी. बाहेर पडताना हातात ‘सेफ्टी प्लॅन’ असावा: कोणती चिन्हं दिसली की समजायचं पुन्हा सुरू झालं, एकट्याने काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, मदतीसाठी कुणाला फोन, कोणत्या डॉक्टरला फोन, घरातून काय दूर ठेवायचं. हा त्याच्या शब्दांत लिहिलेला हवा. तुम्ही लिहून दिलेला तो वाचणार नाही.

पोस्टबद्दल लोक विचारत राहतील. घरच्यांनी एकच उत्तर ठरवून ठेवावं: ‘तो उपचार घेतोय, बाकी आम्ही बोलत नाही.’ सोशल मीडिया काही महिने बंद ठेवणं बरं, पण पासवर्ड हिसकावून नव्हे.

आणि लांबच्या मित्रांसाठी एक सोपी गोष्ट. जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला. रुग्णालयातून सुटून पुढचे उपचार नाकारलेल्या काही रुग्णांना पाच वर्षं अधूनमधून चार ओळींचं पत्र पाठवलं. पत्रात उपदेश नाही, प्रश्न नाहीत, अपॉइंटमेंटची आठवणही नाही. पहिल्या दोन वर्षांत त्या रुग्णांत आत्महत्या कमी झाल्याचं दिसलं. तेव्हा महिन्यातून एकदा, कॅलेंडरवर खूण करून, एवढंच पाठवा: ‘तुझी आठवण आली. बरा असशील अशी आशा आहे. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.’ पुढच्या महिन्याची खूण त्याच वेळी करून ठेवा.